जुने सिनेमे खरंच भारी आहेत का? ऑपरेटरला विचारलंत, तं आता ऐका

जावईबापू, परवा फोनवर तुम्ही विचारलं ते मी टाळलं नाही, पण तेव्हा इकडे कूकरच्या शिट्ट्या सुरू होत्या अन् तुमची मामी पोळ्या लाटता लाटता मधेमधे बोलून राहिली होती, म्हणून आता निवांत लिहून राहिलो. तुमचा प्रश्न असा, की तुम्ही अन् आमची भाची दोन महिन्यांपासून रोज रात्री एकेक गाजलेला जुना सिनेमा पाहून राहिले, अर्धे आवडले अन् अर्ध्यांत झोप लागली, तं "मामा, तुम्ही जन्मभर थेटरात ऑपरेटर होते, खरं सांगा, हे सिनेमे चांगले आहेत का तुमच्या वयाचं कौतुक आहे नुसतं?"

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी ते सिनेमे चालवले, पाहिले नाही. तुम्हाला वाटते मामानं शोले शंभरदा पाहिला असेल. शंभरच्या वर चालवला, हे खरं. पण केबिनच्या काचेतून ऑपरेटर काय पाहते, तं पडद्याचा वरचा उजवा कोपरा. दोन हजार फुटांचं रीळ असते, मिनिटाला नव्वद फूट जाते, म्हणजे बावीस मिनिटांत संपलं. संपत आलं की त्या कोपऱ्यात एक ठिपका येते, दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, मग सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर, म्हणजे चित्र पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर घ्यायचं. चुकला की पडदा पांढरा अन् खाली शिट्ट्या अन् आईमाईचा उद्धार. त्या बावीस मिनिटांत सुट्टी असते असंही नाही. दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवा, आधीचं उलटं गुंडाळा, ज्यांच्या मधल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर जाते त्या कार्बनच्या कांड्या जळून जळून एकमेकींपासून लांब होतात, त्या पुढे सरकवत राहा नाही तं उजेड पिवळा पडते, प्रिंट जुनी असली तं जोड सुटला का पाहा. आवाज म्हणाल तं दोन्ही मशीनची खडखड अन् एक छोटा स्पीकर, तोही उस्ताद हळूच ठेवायचे. मी 1974 मध्ये त्यांच्या हाताखाली लागलो, अठरा वर्षांचा होतो. थेटराचं नाव नाही लिहीत, मालकाचे नातू आता तिथं दुसरा धंदा करतात, उगाच कशाला.

तं मुद्दा असा की रिटायर झाल्यावर, अन् खरं सांगायचं तं पोरानं मोठा टीव्ही आणून दिल्यावर, मी हे सिनेमे पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बसून, आवाजासकट पाहिले. म्हणून माझं मत जुनं नाही, ताजंच आहे, तुमच्याइतकंच ताजं.

शोलेपासूनच सुरू करतो, कारण तुम्ही म्हटलं की "चांगला आहे पण लांबला". लांबला, मान्य. जेलरचा सगळा भाग अन् सूरमा भोपाली आज पाहताना मलाही लांब वाटला, अन् हे आज नाही कळलं. अमरावतीहून सी.पी. बेरारच्या, म्हणजे आपल्या भागाच्या, डिस्ट्रिब्युटरकडून रिळांची पेटी यायची, तिच्यात कित्येकदा नेमकी तीच रिळं आखूड असायची. गावोगावच्या थेटरवाल्यांनी शेवटचा शो वेळेत सुटावा म्हणून कापलेली. म्हणजे कुठं कात्री लावली तं पब्लिक चिडत नाही हे आम्हा लोकांना पहिल्या महिन्यातच माहीत झालं होतं. पण गब्बरला कोणी हात लावला नाही अन् ठाकूरलाही नाही.

आता ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो सीन. आमच्याकडे शोले लागला, पहिल्याच दिवशी मी मशीनपाशी उभा, अन् तो सीन आला, गोळी लागली अन् माणूस पडता पडता चित्र थांबलं. जावईबापू, माझ्या पोटात गोळा आला. कारण फिल्म मशीनमध्ये अडकली की चित्र असंच थांबते अन् दुसऱ्या सेकंदाला पडद्यावर मधोमध तपकिरी डाग पडून बुडबुडे येतात, कार्बनच्या उष्णतेनं ती फ्रेम जळते. मी झडप घालून लाईटचं झाकण पाडणार तेवढ्यात उस्तादांनी मनगट धरलं अन् म्हणाले, "थांब बे, पिच्चरच तसा हाय." पुढची गोळी, पुन्हा चित्र थांबलं. माझा हात त्यांनी सीन संपेपर्यंत सोडला नाही. नंतर शंभर शोत तो सीन आला की मला फक्त तेच आठवायचं.

अन् आता मागच्या डिसेंबरात घरी पाहिला. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर असते, पंचेचाळीस डिग्रीत तो बंद ठेवायची सोय नाही, त्याच्या घरघरीत टीव्हीचं अर्धं ऐकू येत नाही (मला बरं वाटते, केबिनसारखं वाटते, मामी चिडते). पण डिसेंबरात घर चिडीचूप. अन् मला त्या सीनमध्ये पहिल्यांदा ऐकू आला तो झोपाळा. कुरकुरतो. संगीत जवळपास नाहीच, वारा अन् तो रिकामा झोपाळा कुरकुरते, बस. तसंच ती राधा रोज संध्याकाळी वाड्यातले दिवे एकेक करून विझवते अन् इकडे जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवते. कॅमेरामन द्वारका दिवेचांनी तो उजेड कसा पकडला असेल, दिवस पुरता बुडालाही नाही अन् रात्र झालीही नाही. थेटरात मी त्या वेळी बहुतेक कांडी बदलत असायचो. दोघं एक शब्द बोलत नाहीत अन् सगळं कळते. म्हणजे ज्या सिनेमाला लोक डायलॉगसाठी ओळखतात, त्याच्या कॅसेटी पानठेल्यावर वाजायच्या, तो माझ्या मते सगळ्यात भारी आहे जिथं कोणी बोलत नाही तिथं.

शेवट मात्र तुम्ही कोणता पाहिला ते सांगा. आम्ही चालवला त्यात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. आणीबाणीतला सेन्सॉर, ठाकूरनं गब्बरला मारायचं नाही म्हणाले, म्हणून तो भाग पुन्हा शूट केला. मूळ शेवट असलेली नीट दुरुस्त केलेली प्रिंट 2025 मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली. मला मूळचाच पटते. तीन तास ज्या माणसाचे हात नाहीत हे दाखवलं, त्याला शेवटी कायद्यावर लेक्चर ऐकवायचं म्हणजे काय.

आता तुम्हाला झोप कशात लागली, तं कागज़ के फूल मध्ये. भाचीनं सांगितलं, लपवू नका. मी तुम्हाला दोष देत नाही, पण आधी विचारतो, पाहिला कशावर? मोबाईलवर, बरोबर? अन् स्क्रीन भरावी म्हणून दोन बोटांनी मोठा केला असेल. तिथंच घात झाला. 1959 चा तो सिनेमा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. म्हणजे फिल्मवर चित्र आडवं दाबून बसवलेलं असते, माणसं काडीसारखी उंच दिसतात, अन् मशीनला वेगळी लेन्स लावली की ते पसरून रुंद होते. ती लेन्स लावायची एकदा मी विसरलो होतो, एका रविवारच्या मॅटिनीला, तं पडद्यावर सगळे बांबू. दोन मिनिटं मला कळलंच नाही, खाली लोकं पाय आपटून राहिले होते अन् मी जोड तपासून राहिलो होतो. पगारातून पाच रुपये कापले मालकानं.

तं ती रुंदीच त्या सिनेमाची गोष्ट आहे. एवढा मोठा रिकामा स्टुडिओ, मधे दोन माणसं, दोघांच्या मधे वरून येणारा उजेडाचा झोत, त्यात धूळ तरंगून राहिली. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तो झोत दिव्यानं नाही केला, बाहेरचं ऊन आरसे लावून आत आणलं. मी अख्खं आयुष्य उजेडाच्या झोताच्या मागे काढलं, जावईबापू, केबिनच्या भोकातून निघणारा, विडीच्या धुरात दिसणारा, तं मला तो झोत पाहून काय झालं असेल ते समजून घ्या. दोन्ही बाजू कापून टाकल्या की राहते काय, दोन उदास तोंडं. मग झोप येणारच.

पण ह्याचा अर्थ सिनेमा निर्दोष आहे असा नाही बरं. स्वतःची कीव फार आहे त्यात. नायक दारू प्यायला लागल्यावर पुढचं सगळं आपल्याला आधीच माहीत असते अन् तरी तो हळूहळू नेते. जॉनी वॉकरचा भाग दुसऱ्याच सिनेमातून आल्यासारखा वाटते. तेव्हा पडला तो, अन् गुरुदत्तनं त्यानंतर दिग्दर्शक म्हणून नाव लावलं नाही. आता सगळे म्हणतात पब्लिकला अक्कल नव्हती. मला तसं नाही वाटत. पब्लिकला थकवते तो सिनेमा. प्यासा त्याच माणसाचा, दोनच वर्षं आधीचा, दुःख तेवढंच आहे पण त्यात राग आहे, म्हणून तो चालते. दोन्ही पाहणार असाल तं प्यासा आधी पाहा.

मुघल-ए-आझम बद्दल एवढंच, की रंगवलेला पाहू नका. 2004 मध्ये सगळा रंगवून पुन्हा लावला होता, मीच चालवला, गर्दीही झाली. पण मुळात तो काळापांढरा होता अन् शीशमहलचं गाणं आलं की एकदम रंगीत व्हायचा, अन् आम्ही सकाळच्या शोला जुनी प्रिंट लावायचो तेव्हा त्या क्षणी खाली लोकांच्या तोंडून आवाज निघायचा, 'हा' असा. सगळंच रंगीत असल्यावर तो आवाज कुठून येणार.

पिंजरा तुम्ही अजून पाहिला नाही म्हणता, अन् पुण्यात राहून. 1972, व्ही. शांताराम, अन् डॉक्टर लागूंचा पहिला सिनेमा. मूळ गोष्ट जर्मन सिनेमावरून, 1930 चा ब्लू एंजल, पण मराठी मातीत अशी मुरवली की उसनी वाटत नाही. आमच्याकडे तो पुन्हा पुन्हा लागायचा अन् दर वेळी चालायचा. पब्लिक यायचं संध्याबाईंच्या नाचासाठी, राम कदमांच्या चालींसाठी, स्टॉलमधून चिल्लर फेकायचे पडद्यावर, शो सुटला की झाडूवाले ती वेचायचे. मीही तेवढ्यासाठीच पाहायचो, खोटं कशाला बोलू.

आता पाहिला तेव्हा लागूंच्या पाठीकडे लक्ष गेलं. चेहऱ्याकडे नाही, पाठीकडे. सुरुवातीला मास्तर चालतो तं पाठीत पट्टी घातल्यासारखा ताठ, गावाला शिस्त लावणारा. अन् तमाशाच्या फडात पडेल ते काम करायला लागल्यावर ती पाठ रिळागणिक थोडी थोडी वाकत जाते, एकदम नाही. मी रिळांत विचार करणारा माणूस, मला ते दिसते. अन् मग गोष्टीचा तो पीळ, की गावाला वाटते मास्तरचा खून झाला, गाव त्याचा पुतळा उभारते, अन् खरा मास्तर स्वतःच्याच खुनासाठी पकडला जाते अन् गप्प राहते, कारण बोलला तं गावानं जो आदर्श मानला तो मोडते. हे लिहितानाही अंगावर काटा आला. आज पोरं म्हणतील की बाईनं बिघडवलं अन् पुरुष बिचारा, हे जुनं झालं. बरोबर आहे त्यांचं, सिनेमा बाईला तमाशातली म्हणून आधीच आरोपी करते अन् उपदेशाचा डोस शेवटी जरा जास्तच आहे, शांतारामबापूंना राहवायचं नाही ते. पण गाव पुतळ्यावर खूश अन् माणूस फासावर, हा भाग जुना झाला म्हणता येत नाही.

पूरब और पश्चिम तुम्हाला आवडला नाही म्हणून भाची तुमच्याशी भांडली म्हणे. ह्यात मी तुमच्या बाजूचा. 1970 मध्ये लोकांनी डोक्यावर घेतला होता, अन् गाणी आजही ऐकतो मी. पण लंडन म्हणजे नुसती दारू, सिगरेट अन् सायराबानूचा सोनेरी विग, अन् भारत म्हणजे नुसती आरती, असं दोन रंगांत कोणी सांगायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जातो. अमर अकबर अँथनीचं उलटं आहे. तीन अनोळखी पोरांचं रक्त एकाच वेळी नळीतून एका बाईला चढते, कोणता डॉक्टर असं करते? पण सिनेमाला स्वतःला माहीत आहे की आपण थापा मारून राहिलो, म्हणून आपण हसतो अन् रडतोही. बनवाबनवी बद्दल लिहीत नाही, तो तुम्हाला पाठ आहे, फक्त पुढच्या वेळी दुसऱ्याचं वाक्य चालू असताना अशोक सराफकडे पाहा.

आमच्या केबिनचा एक हिशोब होता, तो सांगतो, तुम्हाला कामी पडेल. काचेतून खाली डोकी दिसतात. कोणत्या रिळाला डोकी उठून दाराकडे जातात ते रोज दिसते, अन् गंमत म्हणजे रोज तेच रीळ असते, सोमवारही अन् रविवारही. त्याला आम्ही विडीचं रीळ म्हणायचो. प्रत्येक सिनेमात एखादं असतेच. दोन असले तं चालून जाते. चार-पाच असले तं तिसऱ्या आठवड्यात पोस्टर उतरलंच समजा. अन् एकदा असं झालं की एका सिनेमाची (नाव नाही सांगत, हिरो अजून हयात आहे) दोन रिळं आमच्या पोरानं उलटी लावली, आधीचं नंतर अन् नंतरचं आधी, अन् पूर्ण आठवडा कोणी तक्रारच केली नाही. त्या सिनेमाबद्दल माझं मत काय असेल ते तुम्हीच समजा.

हाच हिशोब लावून सिंहासन पाहिला. 1979, जब्बार पटेल, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या जोडून तेंडुलकरांनी लिहिलेला. आमच्या थेटरात तो फार टिकला नव्हता, नाचगाणं नाही, काळापांढरा, सगळी माणसं खुर्च्यांवर बसून बोलून राहिली. तेव्हा मला अख्खा सिनेमाच विडीचं रीळ वाटला होता. आता बसून पाहिला अन् एकही जागा सापडली नाही उठायची. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री जसा आजारी पडते, जसा हसते, समोरच्याचं ऐकून घेता घेता जसा दुसराच विचार करते. लागू आहेत, दुभाषी आहेत, एक कोवळा नाना पाटेकर आहे. अन् निळू फुले, ज्यांना आपण पाटील म्हणून शिव्या घातल्या, ते इथं पत्रकार, दिगू टिपणीस, सगळं पाहते, सगळं कळते अन् काही करू शकत नाही. शेवटी तो जो हसत सुटते ना, त्या रात्री मला झोप नाही आली.

नागपूरवाल्याला हा सिनेमा जरा जास्त लागते असं माझं मत आहे. दर डिसेंबरात अधिवेशन येते, रस्ते रंगतात, डिव्हायडरला चुना लागते, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर मोर्चे अडवतात, लोकं रात्रभर थंडीत कुडकुडत बसतात अन् आत काय चालते ते आपल्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळते. मी मोर्चेवाल्यांना शेवटच्या शोला यायचं पाहिलं आहे, झोपायला जागा पाहिजे म्हणून तिकीट काढायचे स्टॉलचं, अन् उस्ताद म्हणायचे त्यांना उठवू नका. त्यात अन् 'उषःकाल होता होता' हे सुरेश भटांचं, आपल्या अमरावतीच्या, जन्म नागपुरात घालवलेल्या माणसाचं. रेशीमबागेतल्या त्यांच्या नावाच्या सभागृहावरून जाताना आता मला आशाबाईंचा तोच आवाज आठवते.

एक सांगायचं राहिलं, सगळ्यात जुना. संत तुकाराम, 1936, प्रभातचा, तुमच्या पुण्याचा. आषाढीला आम्ही मॅटिनीला लावायचो, म्हाताऱ्या बाया पडद्याला हात जोडायच्या, पागनीसांना खरे तुकोबाच समजायच्या. मला वाटायचं भक्तीचा सिनेमा आहे. आता पाहिला तं तो आवलीचा सिनेमा निघाला. गौरीबाई. अशी नटी मी दुसरी पाहिली नाही, ती नटीच वाटत नाही, शेजारच्या घरात नवऱ्याला शिव्या घालणारी बाई वाटते. आजारी पोराला बखोटीला धरून देवळात जाते अन् विठोबालाच फैलावर घेते. नवरा अभंग करते, घरात दाणा नाही, अन् हिला देवाशी भांडायला वेळ काढावा लागते. तुमची मामी शेजारी बसून पाहून राहिली होती, काही बोलली नाही, पण ज्या नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं त्यावरून अडतीस वर्षांच्या रात्रपाळ्यांचा हिशोब तिच्याजवळ बरोबर लिहिलेला आहे हे मला कळलं.

तं आता कामाचं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, पिक्चर साईज का काय असते तिथं 'झूम' अन् 'वाईड' काढून टाका. जुन्या सिनेमाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तं ते बरोबर आहे, फ्रेम चौकोनीच होती, भरायच्या नादात डोकी कापू नका. दुसरं, नव्या टीव्हीत 'मोशन' नावाचं काहीतरी चालू असते, ते बंद करा. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असते अन् हा टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं घुसवते, मग मधुबाला चालते तं सिरियलमधल्या सुनेसारखी दिसते. अन् इंटरव्हल घ्या. हे सिनेमे इंटरव्हल धरून बांधलेले आहेत, मधे उठा, चहा करा, भाचीशी काय होईल पुढे ते बोला, मग बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

माझी एक खोड मात्र जात नाही. यूट्यूबवर जुन्या प्रिंटवरून काढलेले सिनेमे असतात, त्यांत ते ठिपके तसेच राहून गेलेले आहेत. वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका आला की माझा डावा हात आपोआप सोफ्याच्या दांडीवर जाते. मामीनं परवा तिथं चहाचा कप ठेवला होता.

पिंजरा एकट्यानं पाहू नका. दिवाळीला इकडे या, मी टीव्हीचा झूम काढून ठेवतो, मामी म्हणते सावजी घरी करते पण तिखट झेपेल का ते आधी विचारून ठेव म्हणाली.